चार बोटं उजेड

ते दिवे आधी बंद करा रे. गाडी अंगणात लावलीत, उतरलात, गप्पा मारत बसलात, आणि दिवे आपले भिंतीवर जळतायत. बॅटरी उतरेल हे झालं एक. दुसरं असं की भिंतीवर पडलेल्या गाडीच्या उजेडाकडे रात्रीचं फार वेळ बघत बसू नये. आता विचाराल, का म्हणून. तुम्हांला प्रत्येक गोष्टीचं 'का' हवं असतं. मग बसा, घोंगडी घ्या अंगावर आणि ऐका. कुणाला बाहेर जाऊन यायचं असेल तर आत्ताच जाऊन या, नंतर सोबत मागत बसाल.

माधवनगरला धोंडिराम कांबळे म्हणून एक ड्रायव्हर होता. थापा मारणाऱ्यातला माणूस नव्हे. पंधरा वर्षं पलटणीत ट्रक चालवलेला, बासष्टच्या लढाईत बर्फातून दारूगोळा वाहून नेलेला. बोलणं मोजकं, मिशी कातरलेली, आणि कुठलंही काम करायचं तर पलटणीत शिकवलं तसंच करायचं, नाहीतर हात लावायचा नाही. पेन्शनीत निघाल्यावर त्यानं सांगलीच्या एका वकिलाची जुनी मॉरिस घेतली. लग्नाची वऱ्हाडं, मिरजेला न्यायचे पेशंट, अशी भाडी मारायचा. बाकीच्या ड्रायव्हरांच्या गाड्यांना पुढं लिंबू-मिरची लटकलेली असे. ह्याच्या गाडीला काच पुसायचं फडकं लटकलेलं असे.

घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली होती. देव्हाऱ्यातले टाक धोंडिरामनं स्वतःच्या हातांनी कृष्णेत सोडले होते, आणि त्या दिवसापासून भूत, भानामती, उतारा हे शब्दसुद्धा त्याच्या उंबऱ्याच्या आत चालत नसत. त्याची आई लक्ष्मीबाई. तिनंही हात जोडून दीक्षा घेतली होती, पण साठ वर्षांचं वळण एका दिवसात कुठं जातं? ते अधूनमधून डोकं वर काढायचं, आणि मग मायलेकांची जुंपायची.

धोंडिरामला एकच बहीण. चंद्रा. त्याच्याहून बारा वर्षांनी लहान, बाप लवकर गेल्यामुळं त्यानंच वाढवलेली. लग्न होऊन ती कोयनानगरला गेली होती. नवरा कृष्णात धरणावर कामाला, राहायला दगडामातीच्या भिंतींचं, वर पत्रा घातलेलं दोन खणांचं घर. लग्नाला सहा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. लोक बोलायला लागले होते, सासर गप्प झालं होतं, आणि तेवढ्यात तिला दिवस राहिले. सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. धोंडिरामनं पाटणकडच्या एका माणसाबरोबर निरोप धाडला, "रविवारी गाडी घिऊन येतो. बोचकं बांधून तयार ऱ्हा."

हा रविवार म्हणजे एकोणीसशे सदुसष्ट सालचा, डिसेंबरची दहा तारीख. साल, तारीख नीट लक्षात ठेवा.

आणि आदल्या संध्याकाळी घोळ झाला. उसाचे दिवस होते. कारखान्याला ऊस नेणारी एक बैलगाडी वळणावर मागं सरकली आणि तिची मागं निघालेली दांडी धोंडिरामच्या गाडीच्या उजव्या दिव्यात घुसली. काच फुटली, दिव्याची वाटी मुरगळली. लावून बघितला तर एक दिवा रस्त्याकडं आणि एक बाभळीच्या शेंड्याकडं. अशा दिव्यांनी पाटणच्या पुढं, दरीच्या कडेनं, रात्रीचं कोण जाणार? आणि येताना गाडीत सात महिन्यांची पोटुशी पोर.

इमाम मिस्त्री त्याचा दोस्त. सांगलीत त्याचं गाड्या दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं रविवारी सगळा दिवस खपून काच बसवली, वाटी सरळ केली. तोवर चार वाजले.

"भाऊ, दिवा बसला," इमाम म्हणाला. "पर नेम धरल्याबिगार निघू नका. तेवढा अंधार पडू द्या."

दिव्याला नेम असतो, पोरांनो, बंदुकीला असतो तसा. गाडी सपाट जागी उभी करायची, समोर भिंत, मधे आठ-दहा ढांगा अंतर. दिव्याचा मध्य जमिनीपासून जेवढा उंच, तेवढ्याच उंचीवर भिंतीवर चुन्याची आडवी रेघ मारायची. एका दिव्यावर पोतं टाकून तो झाकायचा, दुसरा लावायचा, आणि आतले स्क्रू पिळत पिळत उजेडाचा गोळा रेघेवर आणून बसवायचा. मग दुसऱ्याचं तसंच. धोंडिरामच्या घरासमोर मोकळी जागा होती आणि पलीकडं सुताच्या गोदामाची मागची भिंत, लांबलचक, बिनखिडकीची. जमिनीत चार सपाट दगड बसवून त्यानं चाकांची जागाच कायमची ठरवून टाकली होती. पलटणीचा माणूस.

अंधार पडला. इमाम रोजा सोडून आला होता. रमजान चालू होता, आणि आठच्या सुमाराला त्याला मशिदीत जायचं होतं. दोघांनी मिळून दोन्ही दिवे रेघेवर आणले. दुसरा कुणी असता तर हात पुसून जेवायला बसला असता. पण रिकाम्या गाडीचा नेम भरल्या गाडीला चालत नाही. मागच्या सीटवर माणूस बसलं की पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दबतात, गाडीचं ढुंगण खाली जातं, नाक वर उठतं आणि उजेड वर चढतो. हसा, हसा. हसायची वेळ पुढं राहणार नाही.

तर धोंडिरामनं आईला विचारलं, "आये, चंद्री किती वजनाची आसंल गं आत्ता?"

लक्ष्मीबाई पायरीवर बसून लसूण सोलत होती. "पोटुशीचं वजन करत्यात व्हय रं?"

"वजन न्हाई करत. अदमास सांग."

ती आपली लसूण सोलत राहिली. मग त्यानंच अंदाज केला. घरातलं जोंधळ्याचं पोतं अर्ध्याच्या वर रिकामं करून, उरलेलं इमामच्या मदतीनं उचलून मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी ठेवलं. चंद्रा नेहमी तिथंच बसायची. दार लावून भिंतीकडं बघितलं, तर उजेड रेघेच्या वर चार बोटं गेलेला. अगदी हवा तसा. धोंडिरामला बरं वाटलं, आणि माणूस खुशीत आला की जीभ सैल सुटते.

"ही बघ आये," तो म्हणाला, "बसली तुझी चंद्री गाडीत."

लक्ष्मीबाईचा हात थांबला. "नाव घिऊन बसवलंस?"

"मग काय झालं?"

"मानसाच्या जागी वस्तू ठिऊन मानसाचं नाव घिऊ न्हाई, धोंडिराम. आता उतरवताना बी नाव घिऊनच उतरव. म्हन, चंद्रे, उतर खाली."

इमाम हसला. "म्हना की भाऊ. त्याला काय पैसं पडत्यात?"

"पोत्याला उतर म्हनू?" धोंडिराम चिडला. "टाक गेलं नदीत, आये, तुझं डोस्कं काय अजून गेलं न्हाई."

म्हातारी उठून आत गेली. धोंडिराम खाली बसला आणि स्क्रू पिळून त्यानं उजेड चार बोटं खाली आणला, बरोबर रेघेवर. आता चंद्रा मागं बसली की दिवे नेमके रस्त्यावर पडणार, एक इंच इकडं नाही, तिकडं नाही. काम झालं. दोघांनी पोतं बाहेर काढून पायरीशी टाकलं. नाव घेऊन नाही, तसंच, ओढून. इमाम घाईत होता. सायकलवर टांग टाकून तो गेला. भिंतीकडं त्यानं बघितलं नाही.

धोंडिरामनं बघितलं.

उजेड रेघेवरच होता.

आता नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. पोतं काढल्यावर गाडी रिकामी. रिकामी गाडी म्हणजे मागं वजन नाही. वजन नाही म्हणजे नाक खाली यायला हवं आणि उजेड रेघेच्या खाली चार बोटं उतरायला हवा. तो उतरला नव्हता.

पाटे अडकले असतील, धोंडिराम मनात म्हणाला. जुनी गाडी. त्यानं मागचा बंपर धरून गाडी चार वेळा दाबली, हलवली. भिंतीवर उजेड वर-खाली झाला, झुलला, आणि परत येऊन रेघेवर थांबला. मग त्यानं उजवं दार उघडलं आणि स्वतः मागं बसून बघितलं. पुढच्या काचेतून भिंत दिसत होती. तो बसला तसा उजेड रेघेच्या वर चढला. म्हणजे पाटे अडकले नव्हते. पाटे चांगले हलत होते.

तो तसाच बसून राहिला. गाडीत रेक्झिनचा आणि जोंधळ्याचा वास येत होता. वर अर्धा चंद्र होता, त्याचा थोडा उजेड डाव्या खिडकीतून सीटवर पडला होता.

डाव्या बाजूची गादी दबलेली होती.

पोत्याचा खड्डा असेल. पोतं आत्ता तर काढलं...

त्यानं हात पुढं केला. दबलेल्या जागेपासून वीतभर अलीकडं हात थांबला. पुढं जाईना. बर्फात कडेलोटाच्या वाटेवर ज्या हातानं स्टिअरिंग धरलं, तो हात. त्याला गार लागलं नाही, काही दिसलं नाही, कुणाचा श्वासही ऐकू आला नाही. नुसतं एवढंच कळलं, की आपण हात पुढं नेला तर तो गादीवर टेकणार नाही. मधेच कशाला तरी टेकेल.

तो बाहेर आला. दार लोटलं. उजेड खाली आला... रेघेपर्यंत. तिथं थांबला.

एक शब्द म्हणायचा होता. "उतर." तेवढंच. तो शब्द ओठांपर्यंत आला होता, हे त्यानं पुढं म्हातारपणी कबूल केलं. पण म्हणायचा कसा? म्हटला, तर मागं कुणीतरी आहे हे मान्य केल्यासारखं. मग इतकी वर्षं गावाला, भावकीला, आईला जे सांगत आलो ते काय? बरं, नाही म्हणावं तर... दुसरं कुणाकडं जायचं? देवऋषी दारात चालत नव्हता. ज्याला कशाचीच भीती नाही, त्याला भ्यायल्यावर जायला जागा नसते.

"उजेड का उतरंना रं?" मागून आवाज आला. लक्ष्मीबाई दारात उभी होती. ती भिंतीकडं बघत होती.

"पाटं आडकल्यात."

ती उंबरा ओलांडून बाहेर आली. मग म्हणाली, "आत्ताच जा."

"आता?"

"दिवं झालं न्हवं तुझं? मग जा. रविवारी येतो म्हनलावतास. रविवार अजून सरला न्हाई. लेकरू दारात बसलं आसंल."

आता बघा. दिवे नीट झाले होते. टाकी भरलेली होती. निघाला असता तर रात्री एक वाजेपर्यंत कोयनानगर गाठलं असतं. रात्रीचं गाडी चालवणं त्याला नवं नव्हतं. पण त्या गाडीत पुढं बसायचं... आणि मागं... आष्टा, इस्लामपूर, कराड, पाटण, एवढी वाट...

"सकाळी जातो," तो म्हणाला.

"धोंडिराम."

"सकाळी म्हनलं न्हवं, आये."

धोंडिराम भ्याला होता. दुसरं काही नाही. हा एवढासा शब्द उच्चारायला त्याला पुढं कित्येक वर्षं लागली.

त्यानं दिवे बंद केले. अंधार झाला. पायरी चढता चढता त्याला मागून आवाज आला. कर्र... पाट्याचा. बसून बसून अवघडलेलं माणूस कूस बदलतं, तसा एकदाच. तो वळला नाही.

रात्रभर तो जागाच होता. पहाटे चार वाजून गेले असतील, आणि आधी मांडणीवरची भांडी वाजायला लागली. मांजर असेल असं वाटलं. मग खाट सरकली. मग जमिनीखालून असा आवाज आला, की लोखंडी खडखडाट करत मालगाडी घराखालून चाललीय असं वाटावं. दोघं धडपडत बाहेर आले. सगळी आळी बाहेर आली, पोरं रडत होती, कुत्री एका सुरात ओरडत होती. थोड्या वेळानं थांबलं. माधवनगरात कुणाला फारसं लागलं नाही. कौलं घसरली, एक-दोन भिंतींना चिरा गेल्या.

लोक एकमेकांना हाका मारत होते. लक्ष्मीबाई कुणालाच हाक मारत नव्हती. ती गाडीकडं बघत होती.

"धोंडिराम," ती म्हणाली, "दिवं लाव."

त्यानं दिवे लावले.

उजेड रेघेच्या खाली होता. चार बोटं. जिथं रिकाम्या गाडीचा असायला हवा, बरोबर तिथं.

जे कुणी बसलं होतं... ते उतरून गेलं होतं.

धोंडिराम तसाच निघाला. अंगात बनियन, वर घोंगडी. नेम भरल्या गाडीचा, आणि गाडी रिकामी. त्यामुळं उजेड पार चाकांपुढं पडत होता, दोन हातांवरचं दिसत नव्हतं. बैलगाडी हाकावी तशी हाकत होता. मनाला सांगत होता, धक्क्यानं पाटे मोकळे झाले, बाकी काही नाही. आष्ट्याला लोक शेकोट्या करून रस्त्यावर बसले होते. कराडला कुणीतरी म्हणालं, पाटणच्या अंगाला लय जोर झाला म्हणं. पाटणच्या पुढं उजाडलं, आणि मग कुणाला काही विचारायची गरज राहिली नाही.

कोयनानगरात काय दिसलं, ते धोंडिरामनं कधी सांगितलं नाही, आणि त्याला कुणी विचारलंही नाही. एवढंच सांगायचा, की जिथं घरं होती तिथं दगडांचे ढीग होते, त्यांवर पत्रे सपाट पडले होते, आणि माणसं हातांनी दगड उचलत होती. कृष्णात एका ढिगाशेजारी बसला होता. त्याची रात्रपाळी होती म्हणून तो वाचला होता. त्याच्या बाजूला लुगड्यानं झाकलेली चंद्रा होती. चेहऱ्यावर धूळ, बाकी कुठं ओरखडासुद्धा नाही. एक हात पोटावर.

धोंडिराम तिथंच खाली बसला.

"दादा," कृष्णात म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता, रडून संपलेल्या माणसाचा असतो तसा. "काल दुपारपासनं बोचकं घिऊन उंबऱ्यात बसलीवती. आत चल म्हनलं तर न्हाई म्हनाली. दादा यील आन मला शोधीत बसंल, म्हनाली."

धोंडिरामनं चंद्राच्या कपाळावरची धूळ बोटानं पुसली.

"आठच्या टायमाला पाळीचा ट्रक आला मला न्यायला. तवा ती चौकटीला टेकून पेंगाय लागलीवती. झोपंतच म्हनाली, आला दादा. बसले बघ मागं. चल आता." कृष्णातनं तोंडावरून हात फिरवला. "मी म्हनलं सपान बघती. उचलून आत निजवली. निघताना परत म्हनाली..."

"काय म्हनाली?"

"म्हनाली, दादा, गाडी का हालंना?"

ह्यावर माणसानं काय करायचं, सांगा. दगडावर डोकं आपटलं तरी दगडच कमी पडणार. धोंडिरामनं आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं आणि ते घोंगडीखाली घेतले.

संध्याकाळी नदीकाठाला तिला माती दिली. तिची एकटीची नव्हती ती वेळ, रांगच होती. कृष्णातनं मातीत मळलेलं बोचकं धोंडिरामच्या हातात दिलं. "आईला द्या," म्हणाला. तो स्वतः आला नाही. धोंडिरामनं बोचकं पुढं, आपल्या शेजारी ठेवलं. मागं काही ठेवलं नाही. हेही लक्षात ठेवा.

अंधार पडल्यावर तो निघाला. दिवे लावले.

उजेड लांब पडला. पार पुढच्या वळणापर्यंत, रस्त्याच्या मधोमध, नेमका. सकाळी दोन हातांवरचं दिसत नव्हतं, तीच गाडी, तेच दिवे. स्क्रूला कुणी हात लावलेला नाही. आणि मागं...

त्यानं आरसा वर फिरवून ठेवला.

बराच वेळ तो नुसता चालवत राहिला. रस्त्याला भेगा पडल्या होत्या, कुठं कुठं दरड आली होती. आपण गाडी फार हळू घेतोय, हे त्याच्या उशिरानं ध्यानात आलं. प्रत्येक खड्ड्याच्या अलीकडं जवळजवळ थांबून, पुढचं चाक अलगद उतरवून, मग मागचं. सात महिन्यांच्या पोटुशी बाईला घेऊन जाताना चालवतात तसं. पाटणच्या अलीकडं कुठंतरी त्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"नीट बसलीस न्हवं?" तो म्हणाला.

मागून काही आलं नाही. पाटा तेवढा वाजला. तो खड्ड्यानंही वाजला असेल.

आता त्याला भीती वाटत नव्हती. काल वाटली होती, नको तेव्हा. आज ती कुठं गेली होती कुणास ठाऊक. सगळी वाट तो हुंदके देत आला.

माधवनगरात पोचला तेव्हा लक्ष्मीबाई पायरीवरच होती. बातमी तिला कुणी सांगितली नव्हती आणि सांगायची राहिलीही नव्हती. धोंडिरामनं सवयीनं गाडी चार दगडांवर आणली, बरोबर जागेवर. समोर गोदामाची भिंत. तो उतरला आणि बोचकं छातीशी धरून उभा राहिला.

म्हातारीनं बोचक्याकडं बघितलं. मग भिंतीकडं बघितलं. रिकामी गाडी, आणि उजेड रेघेवर.

ती पायरी उतरून आली. सरळ गाडीच्या डाव्या अंगाला गेली, मागचं दार उघडलं, पदर डोक्यावर नीट घेतला. माहेरपणाला आलेल्या लेकीला दारातून घेतात त्या आवाजात म्हणाली,

"चंद्रे, उतर बाई. घर आलं."

कर्र...

आणि उजेड उतरायला लागला. धोंडिराम भिंतीकडं बघत होता. एक बोट... दोन बोटं... सावकाश, जडावलेलं माणूस कशाला तरी धरून उतरतं तसा... तीन बोटं.

थांबला.

दोघं वाट बघत राहिले. उजेड हलेना. धोंडिरामनं पुढं होऊन बंपर दाबला, गाडी हलवली. उजेड झुलला आणि परत येऊन तिथंच थांबला. चार उतरायला हवी होती. तीनच बोटं उतरला होता. एक बोट वर.

लक्ष्मीबाईला आधी कळलं. तिनं दार सोडलं नव्हतं. ती खाली वाकली आणि आत बघितलं. हाक मारायला तोंड उघडलं.

"काय म्हनून हाक मारू रं?" ती म्हणाली. "त्याला नावच न्हाई की."

त्यानंतर धोंडिरामनं भाडी सोडली. गाडी त्या चार दगडांवरच उभी राहिली. इमाम दोनदा येऊन गेला. त्यानं पाटे सोडले, साफ केले, तेल घालून परत बसवले, आणि दिवे लावून भिंतीकडं बघितल्यावर हत्यारं पिशवीत भरून निघून गेला. भाऊसो पाटील म्हणून एकजण गाडी विकत मागायला आला होता, धोंडिरामनं त्याला चहासुद्धा विचारला नाही. देवऋषी आणू का, असं मात्र त्यानंच एकदा आईला विचारलं. त्यानं. लक्ष्मीबाई म्हणाली, त्याला तरी नाव कुठलं ठावं असणार?

दिवेलागणीला म्हातारी बाहेर यायची. धोंडिराम गाडीचे दिवे लावायचा आणि भिंतीपाशी जाऊन उभा राहायचा. ती मागचं दार उघडून आत वाकायची आणि हळूच एक नाव घ्यायची. आज पोराचं, उद्या पोरीचं. गावातली सरली तेव्हा पाहुण्यारावळ्यांतली घेतली, मग पुस्तकातली पोरांकडून विचारून घेतली. नाव घेतलं की ती तशीच वाकलेली मान वर न करता विचारायची, "उतरला का रं?"

धोंडिराम भिंतीला बोट लावून बघायचा.

"न्हाई, आये," म्हणायचा.

म्हातारी गेली, मग धोंडिराम गेला. गोदामाच्या भिंतीला किती वेळा चुना लागला. धोंडिराम शेवटी शेवटी आजारी पडला तेव्हा इमामनंच एकदा त्याच्या सांगण्यावरून नवी बॅटरी जोडून दिवे लावले होते. टायर बसलेले, सीट उंदरांनी खाल्लेली, आत फुंकर मारली तर उडेल एवढंही काही नाही. रेघेच्या खाली तीन बोटं. चौथं बोट तसंच वर.